पाद्रीबाबांचं घर कोण चालवतं?

कळव्याचा पूल ओलांडून ठाण्यात शिरलं की आधी तुरुंग लागतो. हा तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. त्याच जुन्या ठाण्यात सेंट जेम्स चर्च आहे, इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाचं. कोर्टाच्या तारखांना आणि दवाखान्याच्या खेपांना येणाऱ्या कळवेकरांनी ते जाता-येता पाहिलेलं असतं. पण इथल्या पाद्रीबाबांना पगार कोण देत होतं, आणि ते वारल्यावर त्यांच्या बायकापोरांना कोण विचारत होतं, हे काही कुणाच्या मनात येत नाही. यायला हवं, कारण उत्तरं भलतीच रंगीत आहेत. त्यात घोड्यांच्या शर्यती आहेत, माझगावातून पळालेली एक बाई आहे, एका पौंडाचा फरक आहे आणि आपल्याच भागातल्या शेतकऱ्याचा सारासुद्धा आहे.

आधी मुळातली गोम. कॅथलिक पाद्री ब्रह्मचारी. तो गेला की मागे उरतात कपडे आणि पुस्तकं. अँग्लिकन पाद्री मात्र रीतसर लग्न करतो, त्याला पोरंबाळं होतात. गंमत अशी की, रोमच्या पोपशी भांडून हा वेगळा सवतासुभा मांडणाऱ्या आठव्या हेन्रीनं स्वतः सहा लग्नं केली, पाद्र्यांना मात्र एकही करू दिलं नाही. ती परवानगी त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या काळात, १५४९ मध्ये मिळाली. लग्नाची सोय झाली. विधवांची सोय करायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढची सगळी कथा तिथून सुरू होते.

ठाणे आणि सिडनी, बिशप एकच

सेंट जेम्स चर्चचं धार्मिक उद्घाटन जुलै १८२५ मध्ये, ऐन पावसाळ्यात झालं. ते केलं रेजिनाल्ड हेबर या बिशपनं. हेबर कलकत्त्याचा बिशप होता आणि त्याचा कारभार केवढा, तर सगळा हिंदुस्थान, सिलोन आणि वर ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स. म्हणजे ठाण्याचं चर्च आणि सिडनीचं चर्च एकाच साहेबाच्या हाताखाली. बदली मागायची सोय मोठी झकास!

हा हेबर गोष्टीवेल्हाळ माणूस होता. १८२४ मध्ये त्यानं उत्तरेत चुनारच्या किल्ल्यात एक कैदी पाहिला होता, त्रिंबकजी डेंगळे. पेशव्यांचा हा कारभारी सप्टेंबर १८१६ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला होता, तो पुन्हा पकडला गेल्यावर चुनारला ठेवलेला. ठाण्यातून तो निसटला कसा, तर खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठीत गाणं म्हणत बसायचा आणि त्या गाण्यातून पळून जायचा बेत आतल्या कैद्याला कळवायचा. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठीचा गंध नव्हता. गडी गातोय, गाऊ दे. हा किस्सा हेबरनं आपल्या प्रवासवर्णनात आवर्जून नोंदवला आहे.

आता पगार. १८१३ च्या सनदी कायद्यानं कलकत्त्याच्या बिशपला वर्षाला ५,००० पौंड आणि त्याच्या हाताखालच्या तीन आर्चडीकनना प्रत्येकी २,००० पौंड ठरवून दिले. त्या काळच्या भावानं बिशपचा पगार वर्षाला पन्नासेक हजार रुपये. हा पैसा इंग्लंडमधल्या भाविकांच्या दानपेटीतून येत नव्हता, हिंदुस्थानच्या महसुलातून जात होता. थोडक्यात, कळव्याच्या खाडीकाठी भात पिकवणारा आगरी शेतकरी सारा भरायचा, त्यातला कणभर वाटा कलकत्त्याच्या बिशपच्या ताटात पडायचा. शेतकऱ्याला बिशप ठाऊक नव्हता, बिशपला शेतकरी ठाऊक नव्हता, हिशेब मात्र बिनचूक चालला होता.

पगार गलेलठ्ठ खरा, पण माणसं टिकत नव्हती. पहिला बिशप मिडल्टन १८२२ मध्ये गेला. हेबर ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीला आंघोळीच्या हौदातच गेला, वय ४२. त्याच्यानंतरचा जेम्स १८२८ मध्ये, त्याच्यानंतरचा टर्नर १८३१ मध्ये. नऊ वर्षांत चार बिशप! एवढा पसारा एका माणसाला झेपत नाही हे लंडनला हळूहळू उमगलं आणि १८३३ च्या कायद्यानं मद्रास आणि मुंबईला वेगळे बिशप मंजूर झाले, पगार वर्षाला २४,००० सिक्का रुपये. मुंबईचा पहिला बिशप थॉमस कार १८३७ मध्ये बसला.

हेबरची बायको अमेलिया मात्र खमकी निघाली. नवऱ्याची हस्तलिखितं घेऊन ती मायदेशी परतली आणि १८२८ मध्ये तिनं त्याचं हिंदुस्थानचं प्रवासवर्णन संपादून छापलं. पुस्तक खूप गाजलं. १८३० मध्ये तिनं त्याचं चरित्रही काढलं आणि पुढे वाल्सामाकी नावाच्या ग्रीक सरदाराशी दुसरं लग्न केलं. बिशपच्या विधवेनं आयुष्यभर काळे कपडे घालून कुणाच्या तरी दयेवर बसावं अशी अपेक्षा करणाऱ्यांची तिनं चांगलीच जिरवली.

४९९ टन

कंपनी सरकार पाद्र्यांच्या बाबतीत किती कंजूष होतं, त्याचा नमुना. १६९८ च्या सनदेत कलम होतं की, ५०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजावर एक पाद्री असलाच पाहिजे. झालं, कंपनीची जहाजं कागदोपत्री भराभर ४९९ टनांची होऊ लागली! एक टन कमी दाखवला की एका पाद्र्याचा पगार, जेवणखाण आणि खोली वाचली. बिल्डिंगचा एक मजला कागदावरून गायब करणारे आजचे महाभाग या परंपरेतले म्हणायला हरकत नाही.

त्याच सनदेत आणखी एक मजा होती. इकडे येणाऱ्या पाद्र्यानं वर्षभरात पोर्तुगीज भाषा शिकायची. इंग्रजी अंमलातल्या मुंबईत पोर्तुगीज कशाला? कारण तेव्हा किनाऱ्यावरच्या नोकरचाकरांशी आणि गुलामांशी बोलायची ती भाषा होती. शिकायला वर्षाची मुदत दिली खरी, पण वर्षभर जगायची हमी कोण देणार? १६८९ च्या सुमाराला सुरत-मुंबईत असलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्यानं लिहून ठेवलंय की, मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी तिथली म्हणच होती.

रामा कामाठी चर्चमध्ये

मुंबईचं सेंट थॉमस चर्च, ज्याच्यावरून चर्चगेट स्टेशनचं नाव पडलं, ते पैशांअभावी चाळीसेक वर्षं अर्धवट पडून होतं. रिचर्ड कॉब हा पाद्री १७१४ मध्ये आला आणि वर्गणीसाठी हात धुऊन मागे लागला. १७१८ च्या नाताळाला चर्च उघडलं. समारंभाला रामा कामाठी आपल्या जातभाईंना घेऊन हजर होता. हा मुंबईतला बडा शेणवी असामी, भंडारी पलटणीचा पुढारी, वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा उभारणारा. उपासनेतली शिस्त आणि नीटनेटकेपणा त्याला इतका आवडला की तो सगळी उपासना संपेपर्यंत थांबून राहिला, असं कॉबनं कौतुकानं लिहिलंय.

दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, रामा कामाठीवर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप आला, बनावट पत्रांच्या आधारे त्याला दोषी ठरवलं आणि तो कैदेतच मेला. कॉबचंही धड झालं नाही. कौन्सिलातल्या बड्या साहेबांशी त्याचं वाजलं आणि १७२० मध्येच त्याला घरचा रस्ता धरावा लागला. नाताळाच्या त्या समारंभातली दोन ठळक माणसं दोन वर्षांत बाद!

मागे उरली ती कॉबनं काढलेली धर्मादाय शाळा. सुरुवात बारा गरीब मुलांपासून. पुढे १८१५ मध्ये आर्चडीकन बार्न्सनं बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढून तिला बळ दिलं. भायखळ्याची क्राइस्ट चर्च शाळा आणि १९२५ मध्ये सुरू झालेली देवळालीची बार्न्स शाळा या त्याच झाडाच्या फांद्या.

नवरा गेला, घरही गेलं

पाद्र्याच्या विधवेचं खरं दुखणं पैशाइतकंच छपराचं. पाद्र्याला राहायला चर्चचं घर असतं. ते घर त्याचं नव्हे, जागेचं. कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: साहेब रिटायर झाला किंवा गेला की मागोमाग नवा माणूस सामान घेऊन दारात उभा. पाद्र्याच्या घरात फरक एवढाच की विधवेच्या हातात फंडाचे पैसे नसत. दफनविधी आटोपला की काही आठवड्यांत चूल हलवायची. नवा पाद्री चांगला असला तर चार दिवस जास्त मिळत.

यावर पहिला विटांचा इलाज केला रॉचेस्टरचा बिशप जॉन वॉर्नर यानं. १६६६ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात वीस पाद्री-विधवांच्या घरांसाठी पैसे ठेवून गेला. लंडनजवळ ब्रॉम्लीला ती वास्तू उभी राहिली: मधोमध चौक, चारी बाजूंनी ओसरी, ओसरीला लागून विधवांची घरं. आपल्याकडच्या वाड्याची आठवण यावी असा घाट. वास्तू आजही आहे. पण त्या योजनेत एक भोक राहिलं. विधवेबरोबर तिची अविवाहित मुलगी राहायची, आईची सेवा करत तिचे केस पिकायचे आणि आई गेली की मुलगी रस्त्यावर. कारण घर विधवेसाठी, विधवेच्या मुलीसाठी नव्हे! हे भोक बुजायला १८४० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अशा मुलींसाठी शेजारी वेगळी पाच घरं बांधली गेली. पावणेदोनशे वर्षं नियमाचं पुस्तक उघडं ठेवून माणसं त्या पोरींकडे बघत बसली होती, हे वाचून मला तरी हसू येत नाही.

जेन ऑस्टिन ही याच दुखण्यातली. तिचे वडील पाद्री. ते जानेवारी १८०५ मध्ये गेले आणि त्यांचं उत्पन्न त्यांच्याबरोबर गेलं. आई आणि दोन मुली, तिघींचा खर्च भावांनी आपापसात वाटून घेतला. तिच्या कादंबऱ्यांत लग्नाच्या बाजारात पोरीपेक्षा तिच्या वार्षिक उत्पन्नाची चर्चा जास्त का होते, ते यावरून कळावं.

पुत्रांची वर्गणी

१६५५. इकडे शिवाजी महाराज जावळीवर डोळा ठेवून होते, तिकडे इंग्लंडात राजाचं डोकं उडवून सहा वर्षं झाली होती आणि क्रॉमवेलची सत्ता होती. राजनिष्ठ अँग्लिकन पाद्री चर्चमधून हाकलले गेले होते. मुलांना शिकवून पोट भरावं तर त्यालाही बंदी. तेव्हा लंडनमधल्या काही व्यापाऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी एकत्र येऊन पैसा गोळा केला. यातले बरेच स्वतः पाद्र्यांचे मुलगे होते, म्हणून संस्थेचं नाव पडलं ‘सन्स ऑफ द क्लर्जी’. ८ नोव्हेंबर १६५५ रोजी सेंट पॉल्समध्ये पहिली उपासना झाली. १६७८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं सनद दिली.

यांची पैसे काढायची युक्ती आजच्या कुठल्याही इव्हेंटवाल्याला लाजवील. वर्षातून एकदा सेंट पॉल्समध्ये जंगी संगीत, मग जेवण आणि दोन्हीच्या मध्ये थैली फिरवायची. पर्सेलपासून हँडेलपर्यंत भल्याभल्यांचं संगीत त्या उत्सवात वाजलं. संगीत ऐकून माणसाचं मन पातळ होतं आणि जेवून झाल्यावर हात सैल, हे यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्याच चालीवर हेरफर्ड, ग्लॉस्टर आणि वूस्टर या तीन गावांच्या गायकवृंदांच्या मेळाव्यात १७२४ पासून पाद्र्यांच्या विधवा-अनाथांसाठी वर्गणी सुरू झाली. तो मेळावा अजून दरवर्षी भरतो आणि जगातल्या सर्वांत जुन्या संगीत महोत्सवांत मोजला जातो. आपला सवाई गंधर्व विधवा फंडातून निघाला असता तर काय झालं असतं, असा एक चावट विचार मनात येऊन गेला.

संस्था अजून चालू आहे. १९९४ पासून इंग्लंडात बायकाही पाद्री होऊ लागल्या, तेव्हा ‘पुत्र’ म्हणून कसं चालायचं? २०१९ पासून नाव सरळ ‘क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट’.

राणी ॲननं १७०४ मध्ये आणखी एक फंड काढला. पाद्र्यांच्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नावर राजघराणं हक्क सांगायचं. तो पैसा तिनं गरीब पाद्र्यांकडे वळवला. पुण्याचं काम. पण त्या फंडाच्या कारभाऱ्यांनी पैसा गुंतवला कुठे, तर गुलामांचा व्यापार करणाऱ्या साउथ सी कंपनीत! तीनशे वर्षांनी हिशेबाच्या वह्या चाळल्यावर हे बाहेर आलं आणि जानेवारी २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं त्याबद्दल दहा कोटी पौंड बाजूला काढायचं जाहीर केलं.

एका पौंडानं चुकले

हा किस्सा अँग्लिकनांचा नव्हे, त्यांच्या स्कॉटिश भाऊबंदांचा, पण सोडवत नाही. १७४४ च्या सुमाराला रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाद्र्यांनी ठरवलं की विधवांसाठी भीक मागायची नाही, गणित करायचं. दरवर्षी किती पाद्री मरतील, किती विधवा उरतील, त्या किती वर्षं जगतील, याचा त्यांनी मृत्यूच्या नोंदींवरून हिशेब मांडला. मदतीला गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन. पाद्र्यानं वर्षाला किमान अडीच पौंडांच्या थोडं वर भरायचे, तो गेला की विधवेला वर्षाला किमान १० पौंड. दोघांचं भाकीत होतं की १७६५ मध्ये फंडात ५८,३४८ पौंड असतील. निघाले ५८,३४७. एक पौंड कमी!

हप्ता, मरणाची सरासरी, गुंतवणूक: आजचा आयुर्विमा याच पायावर उभा आहे. दारात पॉलिसी घेऊन आलेल्या एजंटला चहा पाजताना दोन स्कॉटिश पाद्र्यांचीही आठवण काढा.

माझगावची एलायझा

या फीचरमधली माझी आवडती गोष्ट हीच. लॉरेन्स स्टर्न हा अँग्लिकन पाद्री, ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या भन्नाट कादंबरीचा लेखक. उपदेश करायचा, उधळपट्टी करायचा आणि पन्नाशी ओलांडल्यावर एलायझा ड्रेपर नावाच्या तरुण विवाहितेच्या प्रेमात पडला. एलायझाचा नवरा कंपनीच्या नोकरीत मुंबईत. १७६७ मध्ये ती नवऱ्याकडे परतली आणि १८ मार्च १७६८ रोजी स्टर्न लंडनमध्ये मेला. मागे बायको, मुलगी लिडिया आणि कर्जाचा डोंगर.

मग? यॉर्कच्या घोड्यांच्या शर्यतींच्या आठवड्यात लोकांनी वर्गणी काढली. ८०० पौंड जमले. पाद्र्याच्या बायकोला जुगाऱ्यांनी तारलं! वरताण म्हणजे, जिच्यापायी स्टर्नबाईंचा संसार जगभर चघळला गेला त्या एलायझानंसुद्धा हिंदुस्थानातून वर्गणी गोळा करून तिच्याकडे पाठवली. सवतीचं असं वागणं मराठी नाटककाराला सुचलं असतं तर प्रेक्षकांनी ते खोटं म्हटलं असतं.

एलायझा पुढे जानेवारी १७७३ मध्ये माझगावच्या बेल्व्हेडिअर हाउसमधून रात्री एका आरमारी अधिकाऱ्याबरोबर पळाली. दोरीनं खाली उतरून बोटीत बसली, अशी आख्यायिका आहे. स्टर्नचंही मेल्यावर सुटलं नाही. त्याचं प्रेत कबरीतून चोरीला गेलं आणि केंब्रिजमध्ये शरीरशास्त्राच्या टेबलावर त्याला कुणीतरी ओळखलं, असं सांगतात.

स्वस्तातली शाळा

मदत मिळाली म्हणजे भलं झालंच असं नाही. गरीब पाद्र्यांच्या मुलींसाठी इंग्लंडात कोवन ब्रिज इथे १८२४ मध्ये शाळा निघाली. देणगीदारांच्या पैशावर चाललेली, फी वर्षाला १४ पौंड. हॉवर्थच्या ब्राँटे पाद्र्यानं चार मुली घातल्या. थंडी, निकृष्ट जेवण, आजार. मे आणि जून १८२५ मध्ये थोरल्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, क्षयानं गेल्या. तिकडे या दोन मुलींना पुरलं, इकडे महिन्याभरात ठाण्यात बिशप हेबर नव्या चर्चमध्ये प्रार्थना म्हणत होता. वाचलेल्या दोघींतली शार्लट पुढे ‘जेन एअर’ लिहिती झाली आणि त्या शाळेचं नाव बदलून तिनं तिचे पुरते वाभाडे काढले. याच कादंबरीत एक पाद्री नायिकेला म्हणतो, माझ्याशी लग्न कर आणि हिंदुस्थानात चल. पाद्र्याच्या बायकोचं काय होतं हे घरातच पाहिलेल्या शार्लटनं नायिकेला बरोबर नकार द्यायला लावला.

ना बायको, ना पेन्शन

पुण्याच्या पंचहौद मिशननं हा प्रश्नच मुळातून निकालात काढला होता. तिथले काउली फादर्स अँग्लिकन असूनही ब्रह्मचर्याची आणि दारिद्र्याची शपथ घेतलेले. विधवाच नाही तर विधवा फंड कशाला? याच मंडळींच्या पंचहौदात ऑक्टोबर १८९० मध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर पुणेकर व्याख्यानाला गेले, चहा-बिस्किटं पुढे आली आणि गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून धमाल उडवून दिली. फुकटचा कपभर चहा, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. कॉबच्या थैलीला जे जमलं नाही ते पंचहौदच्या किटलीनं केलं: अख्खं पुणं पाद्र्यांबद्दल बोलू लागलं.

या काउली मंडळींत वावरलेला आपला माणूस म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे, पुढचे फादर नेहेम्या गोरे. चित्पावन, जन्म १८२५ चा (हो, पुन्हा तेच साल), काशीत वाढलेले, वादात भल्याभल्यांना गप्प करणारे. १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी १८५३ ची. तान्हेपणीच आई गेली. बाप धर्मापायी घरादाराला पारखा आणि कमाईत शून्य. मग या पोरीला दुसऱ्या एका पाद्री कुटुंबानं, स्टॉर्स यांनी, आपली म्हणून इंग्लंडात वाढवलं. फंड नाही, समिती नाही, ठराव नाही. एका पाद्र्याचं लेकरू दुसऱ्यानं घरात घेतलं. मोठेपणी तिनं इंग्रजीत भक्तिगीतं लिहिली, हिंदुस्थानात परतली आणि अलाहाबादला अनाथाश्रम सांभाळला. गोऱ्यांच्या पोरीनं गोऱ्यांच्या चर्चला गाणी द्यावीत, हाही योग!

पाळकाच्या घरातला महिनाअखेर मराठीत कुणी लिहिला असेल तर लक्ष्मीबाई टिळकांनी. रेव्हरंड ना. वा. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, अँग्लिकन नव्हेत. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पंथ आठवतच नाही; आठवतो तो हाती आलेला पैसा वाटून मोकळा होणारा नवरा आणि डब्याच्या तळाशी पीठ खरवडणारी बायको. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीसुद्धा सोडली. १९१९ मध्ये ते गेले. दहा अध्याय लिहून अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय घालून पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई!

लिंबू एकवार, लिंबू दोनवार

सरकारी पगाराची चंगळ कायम टिकणार नव्हतीच. १९२७ च्या कायद्यानं १ मार्च १९३० पासून हिंदुस्थानचं अँग्लिकन चर्च इंग्लंडपासून सुटं झालं, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी तिजोरीतून पोसलेले चॅप्लेनही संपले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर पाच पंथांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया काढलं. टिळकांची मंडळी आणि सेंट जेम्सची मंडळी अशी एकाच छपराखाली आली.

म्हणजे आता पाळकसाहेबांचं घर चालवायचं मंडळीनं. नगर, जालना, औरंगाबादकडून नोकरीसाठी येऊन ठाणे-कल्याण पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना ही रीत पाठ आहे. रविवारच्या उपासनेत फिरणारी मखमली थैली, महिन्याचा दशमांश, बारशाला आणि लग्नाला कृतज्ञतार्पण. मिझोराममध्ये तर १९१० पासून घरोघरची बाई स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ चर्चसाठी वेगळी काढते, आणि त्या मुठींतून तिथलं प्रेस्बिटेरियन चर्च भक्कम उभं आहे.

आपल्याकडची खरी धमाल कापणीच्या सणाला. वेदीपुढे भोपळे, उसाचे भारे, ज्वारीची कणसं, केळ्यांचे घड, कुणाची कोंबडी, कुणाचा घरचा केक. शहरात शेत कुठलं? मग मंडईतून आणलेलं. उपासना संपली की लिलाव. ओरडायला असा गडी उभा करतात की ज्याला सगळ्यांचे पगार ठाऊक असतात. एक लिंबू उचललं जातं. पन्नास! शंभर! मागच्या बाकावरून कुणी दीडशे म्हणतो, त्याची बायको कोपर मारते, तोवर साडू दोनशेवर जातो. घेणारा पैसे भरतो आणि लिंबू परत टेबलावर ठेवतो: पुन्हा बोली लावा. तेच लिंबू तीन-चार वेळा विकलं जातं. कोंबडी मात्र कुणी परत ठेवत नाही.